१-३० आणि २-२७ ची बरोबरी कशी? मन्स्टरची हर्लिंग-फुटबॉल स्पर्धा, स्थानिक पाठीराख्यासाठी

७ जून २०२५, आयर्लंडमधले लिमरिक शहर, गेलिक ग्राउंड्स मैदान. मन्स्टर प्रांताच्या हर्लिंग (काठी आणि चेंडूचा आयरिश मैदानी खेळ) स्पर्धेचा अंतिम सामना जादा वेळ खेळूनही सुटला नाही, तेव्हा फलकावर आकडे होते: कॉर्क १-३०, लिमरिक २-२७. नवखा माणूस पहिला आकडा बघून म्हणेल लिमरिक जिंकले, दुसरा बघून म्हणेल कॉर्क जिंकले. प्रत्यक्षात दोघांचेही गुण ३३ होते. निकाल पेनल्टीवर लागला, कॉर्कने ३-२ अशी बाजी मारली आणि २०१९ ते २०२४ अशी सलग सहा वर्षे लिमरिककडे असलेले विजेतेपद त्यांच्या हातून गेले.

हा हिशोब एकदा पक्का बसला की बाकीचे सोपे आहे. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल (हात आणि पाय दोन्ही वापरून खेळायचे आयरिश फुटबॉल) या दोन्ही खेळांत गोलखांब इंग्रजी एच अक्षरासारखा असतो. खांबांमधले अंतर साडेसहा मीटर, आडवी दांडी अडीच मीटर उंचीवर. चेंडू दांडीच्या खालून जाळ्यात गेला की गोल, त्याचे तीन गुण. दांडीच्या वरून, खांबांच्या मधून गेला की एक गुण. फलकावर आधी गोल आणि मग गुण लिहितात. म्हणून १-३० म्हणजे ३ अधिक ३०, आणि २-२७ म्हणजे ६ अधिक २७. सवयीसाठी एक उदाहरण सोडवून बघा: ०-२२ विरुद्ध २-१५. एकही गोल न करणारा संघ २२ विरुद्ध २१ असा जिंकलेला आहे. पाठीराखे आपसात बोलताना बेरीज सांगत बसत नाहीत, फरक सांगतात: ‘चारने पुढे आहोत’, ‘एका गोलने मागे’. तुम्हीही फरकच डोक्यात ठेवा. तीनचा फरक म्हणजे एका गोलात बरोबरी. चारचा फरक असेल तर समोरच्याला गोल करूनही आणखी एक गुण लागतो, म्हणून चौथा गुण पडला की स्टँडमधले लोक जरा सैल बसतात.

फलक दिसत नसेल तर खांबांशेजारी उभे असलेले पांढऱ्या कोटातले पंच बघा. प्रत्येक टोकाला दोन असतात. हिरवा झेंडा गोलचा, पांढरा एका गुणाचा. दोन्ही हात बाहेर पसरले तर चेंडू खांबांबाहेर गेला. चेंडू शेवटी बचाव करणाऱ्याला लागून अंतिम रेषेपार गेला तर हल्ला करणाऱ्या संघाला फ्री, म्हणजे मोकळा फटका, मिळते: हर्लिंगमध्ये ६५ मीटरच्या रेषेवरून, फुटबॉलमध्ये ४५ वरून.

आता खेळाकडे. दोन्हींत प्रत्येक बाजूला १५ खेळाडू: एक गोलरक्षक, सहा बचावाला, दोन मध्यभागी, सहा पुढे. आंतरकाउंटी, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांतला, वरिष्ठ सामना ३५-३५ मिनिटांचा. मैदान १३० ते १४५ मीटर लांब, म्हणजे आपल्या ओळखीच्या फुटबॉल मैदानापेक्षा बरेच मोठे. पाठीवरच्या क्रमांकावरून मूळ जागा कळते: ३ म्हणजे गोलपुढचा मधला बचावपटू, ६ त्याच्या पुढचा, ८ आणि ९ मध्यभागी, ११ हल्ल्याचा मेंदू, १४ गोलच्या अगदी तोंडाशी. मात्र दोन-तीन दिवस आधी जाहीर झालेला संघ आणि मैदानात उतरणारा संघ एकच असेल याची खात्री धरू नका. प्रतिस्पर्ध्याला अंदाज येऊ नये म्हणून ऐनवेळी बदल होतात. चेंडू पडण्याआधी, म्हणजे खेळ सुरू होण्याआधी, ध्वनिक्षेपकावर बदल सांगतात, ते ऐकून हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत खूण करून घ्यावी. नाहीतर पूर्ण पूर्वार्ध भलत्याच माणसाला शाबासकी देण्यात जातो.

हर्लिंग पहिल्यांदा बघणाऱ्याला चेंडूच दिसत नाही. त्याला स्लिटर म्हणतात. वजन ११० ते १२० ग्रॅम, वर कातडे, त्यावर उठलेल्या शिवणीच्या कडा. काठी म्हणजे हर्ली, परंपरेने ॲश झाडाच्या लाकडाची, मुळाजवळच्या वळणदार भागातून कापलेली, म्हणजे लाकडाच्या रेषा काठीच्या वळणाबरोबरच वळतात आणि फटक्यात ती चटकन मोडत नाही. हल्ली ॲशच्या झाडांवर बुरशीचा रोग पसरल्यामुळे बांबूच्या आणि कृत्रिम पदार्थांच्या हर्लीही दिसू लागल्या आहेत.

ज्यांनी विटीदांडू खेळला आहे त्यांना हर्लिंगचे मर्म चटकन कळेल. जमिनीवरची विटी दांडूने उडवून हवेतच टोला मारायचा, तसेच इथे. जमिनीवरचा स्लिटर थेट हाताने उचलायला बंदी आहे. तो काठीने किंवा पायाने वर उडवावा लागतो. हातात घेतल्यावर जास्तीत जास्त चार पावले. त्यापुढे पळायचे तर चेंडू काठीच्या पात्यावर तोलत पळायचे. एका ताब्यात चेंडू दोनदाच हातात घेता येतो. हाताने सोबत्याकडे देताना तो स्पष्ट थाप मारून द्यावा लागतो, फेकला तर फाउल. या थाप-फेकीवरून प्रत्येक सामन्यात आरडाओरड होते, कारण या वेगात पंचालाही फरक दिसणे कठीण जाते.

दोन कौशल्ये टीव्हीवर हमखास सुटतात, मैदानात बसून मात्र बघता येतात. एक म्हणजे हुक: समोरचा फटका मारायला काठी मागे नेतो, तेवढ्यात मागून आपली काठी त्याच्या काठीच्या वाटेत घालायची. दुसरे ब्लॉक: फटका सुटतानाच समोरून काठी आडवी धरून चेंडू दाबायचा. जाणते पाठीराखे गुणाइतकीच दाद हुकला देतात. आपल्या बाजूचे हुक वाढले की संघ जागा झाला असे समजावे. आणखी एक सांगायचे तर, वाऱ्याकडे लक्ष ठेवा. चांगला फटका ऐंशी-नव्वद मीटर जातो, त्यामुळे वारा पाठीशी असणारा संघ मध्यांतराला पाच-सहाने पुढे असेल तरी ती आघाडी कागदावरची असू शकते.

नियम कळले, आता स्पर्धेची रचना. इथेच बहुतेक नवे पाठीराखे अडखळतात.

आयर्लंडमध्ये या खेळांची पाळेमुळे गावात आहेत. १ नोव्हेंबर १८८४ ला टिपररी काउंटीतल्या थर्लस गावी हेज हॉटेलात गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची (जीएए) स्थापना झाली आणि संघटना चर्चच्या पॅरिशनिहाय उभी राहिली. पॅरिशचा क्लब, क्लबांतून काउंटीचा संघ, काउंट्यांचा मिळून प्रांत. गाव, जिल्हा आणि महसुली विभाग अशी कल्पना केली तर चित्र स्पष्ट होते. खेळाडूंना पगार नाही. शिक्षक, शेतकरी, विद्यार्थी, अभियंते असे लोक रविवारी चाळीस हजारांपुढे खेळतात आणि सोमवारी कामावर जातात. पैसे देऊन दुसऱ्या काउंटीतला खेळाडू विकत आणता येत नाही. म्हणून इथला पाठीराखा संघ ‘निवडत’ नाही, तो जिथला असतो तिथला असतो. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांसाठीही रीत तीच: राहता त्या काउंटीचे रंग घाला, कोणी तुमचे गाव विचारणार नाही.

मन्स्टरमध्ये सहा काउंट्या आहेत. कॉर्क लाल-पांढरी, केरी हिरवी-सोनेरी, लिमरिक हिरवी-पांढरी, टिपररी निळी-सोनेरी, क्लेअर केशरी-निळी, वॉटरफर्ड पांढरी-निळी. टोपणनावे ऐकू येतील तीही ओळखून ठेवा: कॉर्क ‘रेबल्स’, केरी ‘किंग्डम’, टिपररी ‘प्रीमियर’, क्लेअर ‘बॅनर’, वॉटरफर्ड ‘डेशे’.

हर्लिंगच्या वरच्या गटात यांपैकी पाचच असतात, केरीचा हर्लिंग संघ दुसऱ्या श्रेणीच्या जो मॅकडोना करंडकात खेळतो. २०१८ पासून पद्धत साखळीची आहे. प्रत्येकाचे चार सामने, दोन घरी, दोन बाहेर. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. एप्रिलच्या उत्तरार्धापासून मे अखेरपर्यंत साखळी, जूनच्या सुरुवातीला पहिल्या दोघांत अंतिम सामना, त्याचा करंडक लिमरिकचे जुने हर्लिंगपटू मिक मॅकी यांच्या नावाचा. संघ पाच असल्याने प्रत्येक फेरीत एक जण रिकामा असतो. म्हणून मेच्या मध्यावर गुणतक्ता बघताना आधी ‘किती खेळले’ हा रकाना बघायचा. तीन सामन्यांत तीन गुण आणि दोन सामन्यांत तीन गुण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दोन संघ समान गुणांवर थांबले तर त्यांच्यातला आपसातला सामना कोणी जिंकला ते बघतात. तीन किंवा अधिक अडकले तर एकूण केलेले वजा एकूण दिलेले, हा गुणफरक. याचा अर्थ असा की दहाने हरत असतानाही शेवटच्या मिनिटाचा एक गुण वाया नसतो. गर्दी टाळायला पाच मिनिटे आधी उठणाऱ्यांना मेच्या शेवटच्या रविवारी हे कळते, तेव्हा कानाला रेडिओ लावून दुसऱ्या मैदानातला सामना ऐकत बसावे लागते.

प्रांताचा विजेता थेट अखिल आयर्लंड या राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत जातो. उपविजेत्यालाही पुढचा रस्ता मोकळा असतो. पण लक्ष ठेवायचे ते तिसऱ्या क्रमांकावर, कारण तिसऱ्यालाही राष्ट्रीय स्पर्धेचे दार उघडते, चौथा आणि पाचवा मात्र मे महिन्यातच घरी बसतात. २०१८ मध्ये लिमरिक मन्स्टरमध्ये तिसरे आले आणि अखिल आयर्लंड जिंकले. २०२४ मध्ये तिसऱ्या आलेल्या कॉर्कने अखिल आयर्लंड अंतिम सामना गाठला आणि तिथे ते जादा वेळेत एका गुणाने हरले, तेही मन्स्टर अंतिम सामना हरलेल्या क्लेअरकडून: ३-२९ विरुद्ध १-३४. आणि तेच विजेते क्लेअर पुढच्या वर्षी मन्स्टरच्या साखळीतूनच बाद झाले.

२०२५ ची टिपररी-कॉर्क जोडी तर प्रत्येक नव्या पाठीराख्याने समजून घ्यावी अशी आहे. एप्रिलमध्ये कॉर्कच्या मैदानावर टिपररीच्या एका खेळाडूला चेंडू पडण्याआधीच लाल कार्ड मिळाले आणि कॉर्कने ४-२७ विरुद्ध ०-२४ असा धुव्वा उडवला. फरक १५. टिपररी साखळीत तिसरे आले. २० जुलैला डब्लिनच्या क्रोक पार्कवर अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात तेच दोन संघ समोरासमोर उभे राहिले. मध्यांतराला कॉर्क सहाने पुढे. उत्तरार्धात कॉर्कला फक्त दोन गुण करता आले. शेवट: टिपररी ३-२७, कॉर्क १-१८. पुन्हा फरक १५, या वेळी उलट्या दिशेने. मधल्या काळात कॉर्कचेही असेच झाले होते: मेमध्ये लिमरिकने त्यांना ३-२६ विरुद्ध १-१६ असे १६ गुणांनी हरवले आणि तीनच आठवड्यांनी त्याच मैदानावर कॉर्कने प्रांताचा करंडक उचलला. म्हणून साखळीतल्या एका दारुण पराभवावरून आपल्या संघाला निकालात काढू नये. चारपैकी सामना कितवा, घरचा की बाहेरचा, कोण जायबंदी होते, हे बघून मत बनवावे.

फुटबॉलची मन्स्टर स्पर्धा वेगळ्या धाटणीची आहे. सहाही काउंट्या, बाद पद्धत, आणि केरीचा दबदबा. १९३६ पासून हे विजेतेपद केरी किंवा कॉर्ककडेच गेले आहे, अपवाद दोनच: १९९२ मध्ये क्लेअर आणि २०२० मध्ये टिपररी. टिपररीचा तो विजय १९३५ नंतरचा पहिला होता, आणि तो आला क्रोक पार्कवरच्या १९२० च्या रक्तरंजित रविवाराला शंभर वर्षे पूर्ण झाली त्याच आठवड्याअखेर. त्या दिवशी सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी केलेल्या गोळीबारात टिपररीचा खेळाडू मायकल होगन मारला गेला होता. २०२० च्या संघाने त्या काळचा हिरवा-पांढरा पोशाख घालून हा सामना जिंकला.

जुन्या ओळखीवर फुटबॉल बघायला जाल तर २०२५ पासूनचे नियम गोंधळात टाकतील. गोलपासून ४० मीटरवर एक कमान आखलेली असते. तिच्या बाहेरून लाथेने मारलेला चेंडू दांडीवरून गेला की दोन गुण, पंच त्यासाठी नारिंगी झेंडा दाखवतो. फलकावर मात्र तो वेगळा दिसत नाही, गुणांच्या आकड्यात दोनची भर पडते एवढेच. प्रत्येक संघाचे किमान तीन खेळाडू कायम समोरच्या अर्ध्यात हवेत, नाहीतर प्रतिस्पर्ध्याला गोलसमोर फ्री मिळते. गोलरक्षकाची किक कमानीपलीकडे जायलाच हवी. हे बदल आले कारण पंधराच्या पंधरा माणसे मागे ओढून आडव्या पासांत वेळ काढण्याची सवय लागली होती आणि प्रेक्षक कंटाळले होते. आता लांबची किक आणि उंच झेल परत आले. हर्लिंगमध्ये दोन गुणांची कमान नाही, तिथे कितीही लांबून मारा, एकच.

आता प्रत्यक्ष जाण्याविषयी. एकच सल्ला घ्यायचा असेल तर हा घ्या: अंतिम सामन्याची वाट बघू नका, साखळीतला घरचा सामना गाठा. अंतिम सामन्याची बरीच तिकिटे काउंटी मंडळांमार्फत क्लबांकडे जातात आणि क्लबाचे सभासद नसाल तर हात रिकामे राहतात. साखळीची तिकिटे ऑनलाइन खुली होतात, पण सामन्याच्या दिवशी दारावर रोख देऊन तिकीट मिळेल या भरवशावर निघू नका. लहान मुलांचे तिकीट स्वस्त असते, तरी ते आधीच काढावे लागते. आदल्या रात्री फोनवर तिकीट उतरवून ठेवा, कारण चाळीस हजार लोक एका जागी आले की मैदानाबाहेर नेटवर्क बसते आणि दारावर रांग अडते.

तिकीट दोन प्रकारचे: स्टँड म्हणजे बसायची जागा, टेरेस म्हणजे गोलमागची उभी राहायची, बहुधा बिनछपराची. टेरेसवर आवाज, गाणी आणि धक्के. सोबत लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर स्टँडच घ्या. पाठीराख्यांना वेगळे कोंडून ठेवायची पद्धत इथे नाही, दोन्ही काउंट्यांचे लोक शेजारी-शेजारी असतात. पंचावर ओरडा, आपल्या संघावर ओरडा, पण समोरच्या संघातल्या विशी-बाविशीच्या मुलावर वैयक्तिक ओरडू नका. त्याची आई तुमच्या पुढच्या रांगेत असण्याची शक्यता खरोखर मोठी असते.

मैदानांपैकी थर्लसचे सेंपल स्टेडियम आधी बघावे. क्षमता ४५ हजारांच्या आसपास, डब्लिन-कॉर्क रेल्वेमार्गावरचे स्टेशन, तिथून पायी जाता येते. लिबर्टी चौकात सकाळपासून रंग जमलेले असतात. कॉर्कचे पार्क ई कीव तेवढेच मोठे, पण तिथे गाडी नेणे म्हणजे संध्याकाळ घालवणे. शहरात गाडी ठेवा आणि नदीच्या बाजूने चालत जा. क्लेअरमधल्या एनिसचे आणि वॉटरफर्डचे अशी दोन्ही मैदाने बरीच लहान आहेत, त्यामुळे तिथली तिकिटे आधी संपतात, पण स्लिटरला काठी लागल्याचा आवाज छातीत उमटावा असे वाटत असेल तर तीच उत्तम. सोबत रेनकोट घ्या, छत्री नको, मागच्याला दिसत नाही. मेमधले ऊनही उघड्या टेरेसवर तीन तास लागते. मोठी बॅग टाळा. बँडमागून संघांची फेरी निघते ती चुकवू नका, म्हणजे निदान पाऊण तास आधी आत असा.

जाता आले नाही तर स्थानिक रेडिओ लावा: टिप एफएम, क्लेअर एफएम, रेडिओ केरी, लिमरिकचे लाइव्ह ९५, वॉटरफर्डचे डब्ल्यूएलआर. हे समालोचक तटस्थ नसतात, तीच त्यांची गोडी. टीव्हीवर आयर्लंडची सरकारी वाहिनी आरटीई, शिवाय जीएए प्लस ही सशुल्क वाहिनी परदेशातही चालते. पुण्यात बसून बघायचे तर उन्हाळ्यात साडेचार तास मिळवा: तिथला दुपारी चारचा सामना इथे रात्री साडेआठला सुरू होतो.

जुलैअखेर आंतरकाउंटी मोसम संपतो आणि क्लबांचा सुरू होतो. २०२२ पासून वर्षाची अशी सरळ वाटणी केली आहे. काउंटीच्या संघात चमकलेला खेळाडू ऑगस्टमध्ये तुमच्या घरापासून दहा मिनिटांवरच्या गवतावर, शे-दोनशे लोकांसमोर, ६० मिनिटांचा क्लब सामना खेळताना दिसतो. तिकीट थोडक्या पैशात, आणि कठड्याला टेकून बघता येते. कॉर्क-लिमरिकला नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी घरांतली मुले शाळेतून याच क्लबांकडे वळतात. पहिली हर्ली घेताना मोठी घेऊ नका, ‘पुढच्या वर्षीही चालेल’ हा हिशोब इथे चालत नाही. मुलाने हात सरळ खाली सोडून उभे राहावे, काठी शेजारी टेकवावी, वरचे टोक मनगटाच्या हाडापाशी आले की माप बरोबर. जड आणि लांब काठीने मनगट फिरत नाही, फटका उशिरा बसतो आणि मूल दोन महिन्यांत खेळ सोडते. हेल्मेट सक्तीचे आहे, सरावातसुद्धा. त्याची जाळी वाकलेली असेल तर ते उसने घेऊ नका.